शेवटच्या दात्यावरचा ब्रेक

भिलाईतल्या आमच्या विहाराच्या दारात एक दगड बसायचा आहे. सत्तावन सालापासून ज्यांनी इथली माती उपसली, विटा वाहिल्या, पत्रे चढवले, त्यांची नावं त्यावर कोरायची असं समितीनं ठरवलं. एकोणीस नावं निघाली. अठरा नावं वाचून झाली तेव्हा सगळे माना डोलावत होते. एकोणिसावं नाव माझ्या बापाचं होतं, लहानू रंगारी. ते वाचलं आणि मागच्या रांगेतून कांता उठली.

"ज्यानं माया बाप मारला त्याचं नाव बुद्धाच्या दारात लावून राहिले का तुमी? लावा. मी त्या दारातून आत पाय नाही ठेवणार."

ऐंशी वर्षांची बाई उभी राहून असं बोलली की समितीतले साठीचे पोरगेही गप्प बसतात. माझा धाकटा भाऊ नरेश समितीत आहे, तोही कागदाकडे पाहत बसला. शेवटी ठरलं काय, तर पुढच्या रविवारपर्यंत तुम्ही दोघींनी मिळून मिटवा, मग कारागिराला यादी देऊ. जणू नळावरच्या हंड्यांचं भांडण होतं.

नरेश रात्री मरोद्याहून माझ्या घरी आला आणि म्हणाला, "ताई, जाऊ दे ना. एक नाव नसलं तर काय बिघडते? बाबा जाऊन पस्तीस वर्षं झाली."

"तुयं काय बिघडते? तू तवा जन्मला नोहता," मी म्हटलं आणि त्याला चहासुद्धा विचारला नाही.

गोष्ट छप्पन सालची आहे. भिलाईचा कारखाना तेव्हा नुसता खड्डे आणि खांब होता, आणि आम्ही भिलाईत नव्हतोच. दल्लीच्याही पलीकडे, कोसमडोंगरी नावाच्या डोंगरावर एका ठेकेदाराचं सरईचं, म्हणजे सालाच्या झाडांचं, जंगल चालू होतं. वर झाडं पाडायची, तिथंच खड्ड्यावर आरा लावून रेल्वेचे स्लीपर कापायचे आणि अरुंद रुळांवरच्या ट्रॉलीत भरून खाली पाठवायचे. भरलेली ट्रॉली उतारानं आपली आपण खाली जायची, तिच्यावर फक्त एक माणूस ब्रेक धरून उभा. रिकामी ट्रॉली दोन म्हशी ओढत वर आणायच्या. ब्रेकवाला माझा बाप. कांताचा बाप सोमाजी रूळ झाडायचा, पाला आणि दव असलं की चाक घसरतं म्हणून पुढं वाळू टाकत जायचा. दोघं भंडाऱ्याकडचे, एकाच गावचे.

एका सकाळी भरलेली, उभी केलेली ट्रॉली सुटली. खाली वळणावर सोमाजीकाका वाकून रूळ झाडत होता.

ठेकेदाराचा मुनीम म्हणाला, लहानूनं ब्रेक लावलाच नव्हता. बाप म्हणाला, लावला होता, दांडा पट्टीच्या पार शेवटच्या दात्यावर. त्याचं कोणी ऐकलं नाही. त्याला कामावरून काढलं. तो आम्हाला घेऊन पायी निघाला तेव्हा सोमाजीकाकाची बायको गयाबाई आणि कांता यांनाही सोबत घेऊन निघाला, कारण त्यांना दुसरं कोणी नव्हतं. रुआबांध्याला त्यानं एकाला एक लागून दोन झोपड्या बांधल्या. गयाबाई कारखान्याच्या बांधकामावर रेजा म्हणून, विटा-माती वाहायला लागली. मरेपर्यंत ती माझ्या बापाशी एक शब्द बोलली नाही, पण झोपडी सोडूनही गेली नाही. मग क्वार्टर झाले, लग्नं झाली, पोरं झाली, आणि कांता अजूनही माझ्यापासून चार घरं सोडून राहते. गेली अडुसष्ट वर्षं आम्ही एकमेकींच्या लोणच्याला नावं ठेवतो, बाळंतपणाला जातो, आणि तिसऱ्या वाक्याला ती म्हणते, "तुया बापानं."

समितीचं ते प्रकरण झालं आणि चौथ्या दिवशी माझी नात करिष्मा मोबाइल घेऊन आली. ती प्लांटमध्ये अप्रेंटिस आहे, मशीनच्या कामात. सुट्टीत डोंगर चढणाऱ्यांच्या कसल्याशा ग्रुपमध्ये जाते.

"आजी, ये देख. कोसमडोंगरीच आहे ना तुझी? कोणीतरी फोटो टाकलाय. ब्रिटिश जमाने की ट्रेन, लिहिलंय."

फोटोत एक लोखंडी चाक होतं आणि त्याला झाडाच्या मुळीनं विळखा घातला होता.

"ब्रिटिश कुठली!" माझं डोकंच फिरलं. "ब्रिटिश जाऊन नऊ वर्षं झाली होती. ती आमची ट्रॉली आहे."

एवढ्या वर्षांनी ती तिथं कशी, हे मला विचारावं लागलं नाही. त्या ट्रॉलीखाली माणूस गेला म्हणून मजुरांनी तिला हात लावायला नकार दिला होता. वळणावरून ती नाल्यात पडली, ती तशीच सोडून दिली. पुढं रूळ उखडून नेले, आरे नेले, ती राहिली. आणि ट्रॉली असेल तर तिच्या ब्रेकचा दांडा असेल. दांडा कुठल्या दात्यावर आहे ते दिसेल. मी त्याच पावली कांताकडे गेले.

"चाल. डोळ्यांनी पाह्य. दांडा सुटा असंल तर मी स्वतः कारागिराले सांगते, लहानूचं नाव खोड म्हणून."

"मी कावून येऊ तिथं?" ती डोळे बारीक करून म्हणाली. "माया बाप मेला त्या जागी पिकनिकले?"

"नको येऊ मंग. पण पुढं बोलू बी नको."

"वा वं! मी बोलू नको म्हणे."

गुरुवारी सकाळी सहाला करिष्मानं गाडी काढली, तेव्हा कांता स्वेटर, मफलर आणि पोराचे बूट घालून आधीच पुढच्या सीटवर बसली होती. मांडीवर डबा. "मागं मले उलटी होते," ती म्हणाली. म्हणजे माझे गुडघे मागच्या सीटवर नव्वद किलोमीटर दुमडलेले.

डोंगराखालच्या गावात पोचलो तेव्हाच माझा जीव खट्टू झाला. मला वाटलं होतं, पाऊल ठेवताच सगळं आठवेल. काही आठवलं नाही. एका कोठ्याला खांब म्हणून उभे केलेले रुळाचे दोन तुकडे तेवढे ओळखीचे निघाले. बाकी गाव सिमेंटचं. दहा वर्षांपूर्वी कोणीतरी इथं फिरायला येणाऱ्यांसाठी पायवाट केली होती, तिचा फलक होता, त्यावर हरणाचं चित्र होतं, आणि फलकाच्या पुढं घाणेरीचं रान. दगडांवर पिवळे बाण काढले होते, ते शेवाळाखाली गेलेले. एक बाण दिसला, तर त्यावर झाड आडवं.

"ये ट्रेल है?" करिष्मा म्हणाली. "इससे अच्छा तो आपल्या हुडको कॉलनीचा नाला आहे."

फोटो टाकणाऱ्या मुलाला तिनं आधी विचारलं होतं. त्यानं एवढंच सांगितलं होतं, वरच्या वळणाखाली, नाल्यात. आणि नाला कुठं, हे मला पक्कं ठाऊक होतं. रिकाम्या ट्रॉलीत बसून मी कितीदा वर गेले होते. नाला डाव्या हाताला, उजव्या हाताला खडक. डोळे मिटले तरी दिसतं. मी तसंच सांगितलं आणि डावीकडे शिरले.

तास गेला. चिलाटीच्या काट्यांनी माझ्या लुगड्याचा काठ फाडला. करिष्मा काठीनं रान झोडपत पुढं, मी मध्ये, कांता मागं, आणि तिचं तोंड चालूच.

"काय वं भिमे, नाला आटला का चालत गेला?"

"येते आता."

"आता आता करता दुपार झाली. तुया बापाला बी असंच, लावला म्हणे ब्रेक."

मी वळून पाहिलं. ती एका दगडावर बसून बुटातली माती झाडत होती. मला असं वाटलं की हातातली काठी तिच्या मफलरला अडकवून तिला खाली गाडीपर्यंत ओढत न्यावं. खरं सांगायचं तर मला भीती वाटायला लागली होती. सगळं आयुष्य मी सांगत आले की मला सगळं आठवतं. नातवंडांना, समितीला, बायकांच्या बैठकीत. आणि इथं डाव्या हाताला नाला नव्हता, कोरडा चढ होता आणि त्यावर सरईची नवी झाडं, माझ्यापेक्षा वयानं लहान.

लोखंड मात्र दिसत होतं, तेही चिडवल्यासारखं. पाल्यातून एक मोठा खिळा निघाला. मग तारेची दोरी, हाताएवढी जाड, महुलाच्या वेलीत वेल होऊन बसलेली. मग एक अर्धा कुजलेला स्लीपर, त्याच्या टोकावर हातोड्यानं ठोकलेली खूण. स्लीपर पास झाला की साहेब लोखंडी हातोड्यानं टोकावर शिक्का ठोकायचा, तो गोल अजून दिसत होता. करिष्मानं प्रत्येकाचा फोटो काढला.

"आजी, ये सब मिलके किधर जाता है?"

"खाली," मी म्हटलं. दुसरं मला काही माहीत नव्हतं.

कांता त्या स्लीपरवर बसली, डबा उघडला, एक पोळी आपण घेतली आणि एक माझ्यापुढं धरली. मी घेतली नाही. मग ती खाता खाता म्हणाली, "भिमे, आपण ट्रॉलीत बसत होतो, तर तोंड कुठं राहे आपलं?"

"समोर. अजून कुठं?"

"समोर म्हशी होत्या वं. शेपटी मारून मारून चिखल अन् शेण तोंडावर उडवत. तुयी माय तुले बदडे, झगा घाण केला म्हणून. मंग आपण म्हशीकडे पाठ करून बसत होतो. खालची वाट पाहत वर जात होतो."

मी हातातली काठी घट्ट धरली. ती म्हणत होती ते खरं होतं. वर जाताना आम्ही सगळी पोरं उतरणीकडे तोंड करून बसायचो. माझा डावा हात चढणाऱ्याचा उजवा हात होता. अडुसष्ट वर्षं जे चित्र मी जपलं ते पुरतं खरं होतं आणि पुरतं उलटं होतं. आणि हे मला कळलं नाही, कळलं ते कांताला, पोळी चावता चावता.

"आधी सांगायचं ना!" मी ओरडले.

"तू कुठं कोणाचं ऐकते."

करिष्मा हसली. मी तिच्याकडं असं पाहिलं की तिनं हसणं स्वतःच्या बाहीत कोंबलं.

उजवीकडे गेलो तर वीस मिनिटांत दगडांची रचलेली भिंत लागली, तिच्यावरून रूळ गेलेले. रूळ नव्हते, पण जमीन सपाट होती, आणि त्या सपाटीवरून चालताना माझ्या पायांनी ती ओळखली. मग वळण. वळणाच्या खाली नाला, पुरुषभर उंचीपेक्षा थोडा जास्त खोल, तळाला अर्जुनाचं झाड. कांता वळणाच्या अलीकडेच थांबली. तिथं तिचा बाप वाकलेला होता. तिनं मफलर डोक्यावरून काढला, खांद्यावर घेतला, आणि उभी राहिली.

करिष्मा खाली उतरली. "मिल गई!" तिचा आवाज आला. मग दांडा, साखळी, काहीतरी बोलत राहिली आणि फोटो घेऊन वर आली. "कांता आजी, ये देखो."

"फोटो मले नको दाखवू," कांता म्हणाली. "फोटोत काय बी दाखवतात लोक."

म्हणजे दोन म्हाताऱ्यांना नाल्यात उतरणं आलं. आम्ही बसून घसरत उतरलो. करिष्मा खालून पाय धरून एकेक पाऊल दगडावर ठेवून देत होती. माझ्या लुगड्याचं जे व्हायचं ते झालं.

लाकूड सगळं गेलं होतं. दोन आस, चार चाकं. एक चाक मुळीच्या पोटात शिरलेलं. आणि बाजूला दांडा, माझ्या कमरेएवढा, अर्धगोल पट्टीला लागलेला. पट्टीला दाते. मी गंज पुसला, बोटानं दाते मोजत गेले. दांडा शेवटच्या दात्यात होता. तिथं तो खिट्टीनं अडकवलेला होता, आणि खिट्टी निसटू नये म्हणून तिच्यावर जाड तारेचे तीन वेढे होते. ते वेढे मला ओळखीचे होते. माझा बाप घरच्या दाराची कडीसुद्धा तशीच तारेनं बांधायचा.

"पाह्य," मी म्हटलं. "पाह्य कांते. हात लावून पाह्य."

तिनं हात लावला. वेढ्यांवरून बोट फिरवलं. दांडा हलवून पाहिला. तो गंजून एकजीव झाला होता.

"पडताना बसला असंल."

"तार बी पडतानाच गुंडाळली का?"

तिनं पुन्हा वेढ्यांवर बोट ठेवलं. मला वाटलं, झालं. आता हिला मान्य करावं लागेल. तेवढ्यात करिष्मा, जी कारखान्यात हेच शिकते, ती खाली वाकून चाकाजवळ पाहत होती, ती म्हणाली, "ब्रेक तो लगा था. पर पकडता कैसे? आजी, इथं लाकडाचा ठोकळा असायला पाहिजे ना, चाकाला घासणारा? तो लोखंडाच्या या खोबणीत बसतो. आता ही खोबण बघ. तिचीच कड चाकाच्या गोलाईत झिजलीय. लोहे पे लोहा घिसा है. म्हणजे ठोकळा आधीच संपला होता. कितीतरी फेऱ्या असंच चालवलंय."

"गुटका," मी म्हटलं. त्याला गुटका म्हणायचे. धावड्याच्या लाकडाचा. तीन दिवसांत एक झिजायचा. बाप रोज संध्याकाळी दारात बसून गुटके तासायचा आणि सकाळी जाऊन चाकाशी वाकून पाहायचा, झिजला असेल तर बदलायचा.

"रोज पाहत होता ना तुया बाप?" कांता हळू म्हणाली. "मंग त्या दिवशी नाही पाह्यलं त्यानं."

मी तिच्याकडे पाहिलं. ती काय म्हणतेय ते मला कळलं, आणि तिला उत्तर काय द्यायचं तेही त्याच क्षणी कळलं. त्या दिवशी सकाळी माझा बाप नागपूरहून परतला होता. धम्मदीक्षेला गेला होता. जायचं दोघांनाही होतं, पण मुनीम म्हणाला, एकालाच सुट्टी. सोमाजीकाका म्हणाला, लहानू तू जा, माझ्या वाटच्या प्रतिज्ञा ऐकून ये आणि मला सांग. बाप गेला. चार दिवसांत येतो म्हणाला, पण परतीला गाडीत पाय ठेवायला जागा नव्हती, दल्लीच्या अलीकडून चालत आला, आठ दिवस लागले. रात्रभर चालून पहाटे पोचला आणि तसाच कामावर गेला. संध्याकाळी सोमाजीकाकाला बावीस प्रतिज्ञा सांगायच्या होत्या. मुनीम नंतर सगळ्यांना सांगत सुटला की नागपूरहून येऊन याचं डोकं हवेत गेलं होतं, ब्रेक कुठला आठवतो. मला त्या वाक्याचा राग आजही येतो, अगदी अन्न कडू होईपर्यंत.

पण मधले आठ दिवस ब्रेकवर कोण उभं होतं? सोमाजीकाका.

एवढंच बोलायचं होतं मला. एवढं बोलले असते तर कांता आयुष्यभर गप्प झाली असती. ओठांपर्यंत आलं. सकाळपासूनचा गुडघ्यांचा, काट्यांचा, तिच्या टोमण्यांचा सगळा संताप त्या एका वाक्यामागे उभा होता. मी तोंड उघडलं.

"नको बोलू," कांता म्हणाली.

"काय नको बोलू?"

"जे बोलून राहिली ते. आठ दिवस ब्रेक कोणाकडं होता, मले नाही माहीत का? मी बारा वर्षांची होती, कुकुलं लेकरू नोहती. बापाच्या हाताले फोड आले होते दांडा ओढून ओढून. माय हळद लावे. बाप म्हणे, लागत नाही नीट, लहानू आला की पाहीन." ती अर्जुनाच्या बुंध्याला टेकली. "म्हणून मी कधी आली नाही इथं. तू काय समजली, जागेले भेते मी?"

मला फार राग आला. तिचा नाही. मग कोणाचा, हे सांगता येत नाही. हिला माहीत होतं. माझ्या बापाच्या प्रत्येक आजारपणात, त्याच्या मयतीलासुद्धा, हिला माहीत होतं.

"मंग बोलली कावून नाही? माया बाप मरताना काय म्हणत होता, तुले ठाऊक आहे? पाणी मागत नोहता. ब्रेक लावला होता म्हणत होता."

"मायसाठी नाही बोलली. ती म्हणे, लहानूनं मारलं. तिले तेवढंच धरून उभं राहता येत होतं. मी काय सांगू तिले, बाबाले गुटका बदलता येत नोहता म्हणून?"

"आन माय मेल्यावर? तीस वर्षं झाली तिले जाऊन."

कांतानं बुंध्याची एक साल नखानं सोलून काढली. करिष्मा दुसरीकडे पाहत उभी होती, हातातला मोबाइल उलटा धरून. नाल्यात ऊन आलं होतं आणि ते नेमकं त्या चाकावर पडलं होतं. मला तेही आवडलं नाही.

मग मीच बोलले. बोलायचं नव्हतं. पण तिनं तिचं काढून समोर ठेवलं होतं, आणि माझ्याकडचं मी दाबून वर गेले असते तर घरापर्यंत मला जाता आलं नसतं.

"सोमाजीकाकाले बदलता येत होतं," मी म्हटलं. "बदलायले गुटका पाहिजे ना. बाबा दोनच तासून ठेवून गेला होता. दाराच्या वर, कौलाखाली. मी पाह्यले होते. चार दिवसांत येतो म्हणून दोनच. ते सहा दिवसांत झिजले असतील. धावडा सोमाजीकाकाले तासता येत नोहता, त्याच्याजवळ लाकूड तासायचा वाकस बी नोहता, तो बाबा घेऊन गेला होता."

"नागपूरले वाकस?"

"धार लावून आणायले."

कांता माझ्याकडे पाहत राहिली. मग तिच्या तोंडून जे निघालं ते हसणं होतं का काय, मला समजलं नाही. "धार लावायले," ती पुन्हा म्हणाली. "दीक्षा घ्यायले गेला अन् वाकसाले धार लावून आणली."

"हसू नको."

"हसून नाही राहिली वं."

वर चढायला आम्हाला अर्धा तास लागला. मधेच माझा गुडघा अडकला, तेव्हा कांतानं माझी कंबर खालून ढकलली आणि वर म्हणाली, "किती वजन केलं." मग खाली गाडीपर्यंत काठीवर भार देत उतरलो. वाट उतरणीची होती आणि तरी चढणीपेक्षा वाईट.

गाडीत बसताना ती आपणहून मागं आली, माझ्या शेजारी. बालोद यायच्या आधी नरेशचा फोन आला. करिष्मानं तो मोठ्या आवाजावर लावला.

"ताई, काय झालं? कारागीर विचारून राहिला. त्याले आजच यादी पाहिजे म्हणते."

मी कांताकडे पाहिलं. ती खिडकीबाहेर पाहत होती.

"ब्रेक लागलेला होता," मी म्हटलं. "शेवटच्या दात्यावर. तारेनं बांधलेला."

"खरं?" त्याचा आवाज एकदम पोरासारखा झाला. "मंग ट्रॉली सुटली कशी?"

सगळं खरं सांगितलं तर रविवारी विहारात सोमाजीकाकाचं नाव निघणार. अर्धं सांगितलं तर तेच होणार जे आजवर झालं, फक्त माणूस बदलून. जिंकण्यासाठी एवढ्या लांब आले आणि आता साधं एक उत्तर मला देता येत नव्हतं. मी करिष्मावर उगाच खेकसले, गाडी हळू चालव म्हणून. ती आधीच हळू चालवत होती.

कांतानं हात पुढं केला. "इकडं दे." फोन तिनं तोंडाजवळ धरला, अगदी ओठांना लावून. "नरेश, मी कांता. लहानूकाकाचं नाव लिवाले सांग त्याले."

"हो, आत्या. पण समितीत विचारतील ना, सुटली कशी. मी काय सांगू?"

"काही नको सांगू. मी येते रविवारी. मी सांगीन, ब्रेक लागला होता, मी हात लावून पाह्यला."

"आणि तरी विचारलं तर?"

"इतकी वर्षं मी म्हणत होती, ब्रेक नोहता लावला. तवा कोणी विचारलं, तुले कसं माहीत म्हणून? आता बी नाही विचारणार. ठेव."

तिनं फोन करिष्माच्या मांडीवर टाकला आणि बुटाच्या नाड्या सोडायला वाकली. एक नाडी चिखलानं घट्ट झाली होती, निघेना. तिनं पाय उचलून सरळ माझ्या मांडीवर ठेवला.

"सोड वं," ती म्हणाली. "मले वाकता नाही येत."

त्या बुटाला कोसमडोंगरीचा सगळा चिखल लागला होता आणि माझ्या लुगड्यात आधीच जागा उरली नव्हती. मी नाडी सोडायला घेतली. गाठ काही केल्या सुटत नव्हती.